भूमिका घे, पण आधी अंगात रक्त येऊ दे

शिरोडा, ता. वेंगुर्ले

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री आईशी बोलून तू माझ्याशी न बोलताच फोन ठेवलास, तेव्हाच पत्र लिहायचे ठरवले. फोनवर माझा आवाज चढतो, तुझा रडवेला होतो आणि बोलायचे ते बाजूलाच राहते. सेटवर चक्कर येऊन तू पडलीस ही गोष्ट आम्हाला बेबीमावशीकडून कळली, पण त्याविषयी या पत्रात चकार शब्द काढणार नाही, असे मी आईला कबूल केले आहे. तू विचारलेस ते भूमिकेविषयी, म्हणून त्याविषयीच लिहितो.

मालिका लीप घेणार, कथा वीस वर्षे पुढे जाणार आणि तिशीही न ओलांडलेल्या तुला कॉलेजात जाणाऱ्या मुलाची आई व्हावे लागणार. ‘एकदा आई झाले की मला पुन्हा कोणी नायिका करणार नाही,’ असे तू म्हणालीस. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. तरी रीमा लागूंचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेव. ‘मैंने प्यार किया’ 1989 च्या डिसेंबरात आला तेव्हा त्या 31 वर्षांच्या होत्या आणि पडद्यावरचा त्यांचा मुलगा, सलमान खान, 24 वर्षांचा. पुढे 1999 मध्ये ‘वास्तव’मध्ये त्या ज्याची आई झाल्या तो संजय दत्त तर त्यांच्यापेक्षा जेमतेम वर्षाने लहान होता. केसांना पांढरा रंग लावला म्हणून वय दिसत नाही. ते त्यांच्या बसण्याउठण्यात आणि मुलाकडे पाहण्यात दिसे. मुंबईत काकांकडे असताना मी ‘पुरुष’ पाहिले होते. नाटक आपल्या आरवलीच्या जयवंत दळवींचे, समोर मुरुड-जंजिऱ्याचे नाना पाटेकर, आणि त्या माणसाच्या आवाजाला ही बाई तसूभरही मागे सरत नव्हती. तीच बाई पुढे दूरदर्शनवर ‘श्रीमान श्रीमती’मधली कोकी झाली, ‘तू तू मैं मैं’मधली सासू झाली, आणि आपल्या घरी तुझी आजी हातातले तांदूळ निवडणे टाकून हसायची. आईच्या भूमिकेने त्यांचे दार बंद झाले नाही.

त्यांचे मूळ नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या, त्यामुळे घरात या धंद्याची पूर्ण माहिती होती. तरीही त्यांनी सुरुवातीची कित्येक वर्षे बँकेतली नोकरी सांभाळून नाटके केली, कारण महिन्याच्या महिन्याला हातात पगार असला की न पटलेल्या कामाला नाही म्हणता येते आणि अंगात ताप असेल त्या दिवशी घरी निजूनही राहता येते. हे वाक्य त्या पतसंस्थेच्या नोकरीवरून मारलेला टोमणा समजू नकोस. ती नोकरी तू सोडलीस तेव्हा मी काय बोललो ते तुला आठवते, मलाही आठवते, आणि तो विषय मला आज उकरायचा नाही.

पण तुझ्यापुढे रीमाबाईंचे नाव ठेवले की मला त्यांचा शेवटही आठवतो. 2017 च्या मे महिन्यात, आदल्या संध्याकाळपर्यंत त्या मालिकेच्या चित्रीकरणात होत्या आणि 18 तारखेच्या पहाटे हृदयविकाराने गेल्या. साठीसुद्धा गाठली नव्हती. आणि आपल्या शेजारच्या गोव्याच्या आशालता वाबगावकर, ज्यांची ‘मत्स्यगंधा’तली पदे तात्या पेटीवर वाजवायचे, त्या 2020 च्या सप्टेंबरात साताऱ्यात मालिकेचे काम करताना कोरोनाने आजारी पडल्या आणि तिथेच गेल्या, वयाच्या 79 व्या वर्षी. दोघींनाही काम प्राणापेक्षा प्रिय होते, असे लोक कौतुकाने म्हणतात. मला ते कौतुक ऐकवत नाही. तू आईला म्हणालीस की तू एक दिवस गेली नाहीस तर एपिसोड जाणार नाही. बाय, रीमाबाईंची मालिका त्यांच्यानंतरही चालू राहिली आणि त्यांची भूमिका दुसऱ्या अभिनेत्रीने केली. तू आठ दिवस घरी राहिलीस तर ते काही ना काही मार्ग काढतील.

हे फार कठोर लिहिले गेले, आणि आईला दिलेला शब्दही राहिला नाही. रागावू नकोस. बेबीमावशीने सांगितलेला हिमोग्लोबिनचा आकडा, साडेआठ, माझ्या डोक्यातून जात नाही. बाईच्या अंगात ते निदान 12 असावे लागते, असे आपले डॉक्टर म्हणाले. सकाळी नुसती काळी कॉफी, दुपारी काकडी आणि कॅमेऱ्यात गाल भरलेले दिसतात म्हणून रात्री काहीच नाही, आणि त्यावर तेरा-तेरा तास जड साडी नेसून दिव्यांखाली उभे राहायचे, मग चक्कर येणार नाही तर काय होणार?

तुला मोचेमाडच्या जत्रेतला रात्रीचा दशावतार आठवतो का, जिथे तू माझ्या मांडीवर झोपायचीस आणि संकासुर आला की दचकून उठायचीस? एका वर्षी तुला पाणी पाजायला मी रंगपटात नेले होते. रुक्मिणीचे काम करणारा नट तापाने फणफणला होता, निऱ्या घालताना त्याचे हात थरथरत होते. दशावतार मंडळाच्या मालकांनी त्याच्या कपाळाला हात लावला, तो सवयीने गळ्यात घालत असलेला हार काढून घेतला आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या नटाला ‘तू ऊठ’ एवढेच म्हटले. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, कथा सर्वांना ठाऊक असते आणि संवाद ज्याचे त्याने रंगमंचावर उभे करायचे असतात, म्हणून असा बदल ऐन वेळी जमतो. तुमच्याकडे तो जमत नाही हे मला कळते. काल दिसलेला चेहराच आज दिसावा लागतो. पण कपाळाला हात लावणारे कोणीतरी तुमच्या त्या मोठ्या स्टुडिओतही असायला नको का? त्या रात्री तू पेटाऱ्यावर बसून नव्या रुक्मिणीकडे पाहत होतीस आणि परतीच्या वाटेवर तिचे सगळे बोलणे मला हातवाऱ्यांसह म्हणून दाखवलेस. तेव्हाच मला कळले होते की ही मुलगी काही पतसंस्थेत बसणार नाही.

मालिका लागली की आजी अजूनही चष्मा पुसून बसते. तुला सासू बोलायला लागली की ‘माझ्या चेडवाक कित्याक बोलतां ती?’ म्हणून टीव्हीलाच विचारते. वरच्या वाडीतली मंडळी मला बाजारात थांबवून पुढे काय होणार ते विचारतात. मी मान ताठ करून सांगतो की ते सांगायची तुला मनाई आहे. तुझ्या आईने मात्र वेतोबाला केळ्यांचा घड बोलला आहे आणि तो तुझ्या नव्या भूमिकेसाठी नाही, हे तुझ्या लक्षात येईलच.

तेव्हा माझे मत असे की भूमिका घे. नव्या कराराच्या वेळी त्यांनाही तुझी गरज आहे, म्हणून आत्ताच रोजच्या तासांचे आणि आठवड्याच्या एका सुट्टीचे लिहून घे; नुसत्या तोंडी शब्दावर राहू नकोस. लीपच्या आधी चार-सहा दिवस तुझे चित्रीकरण नसेल, तेवढ्यात तुतारी एक्स्प्रेसने सावंतवाडीला ये, मी स्टेशनवर रिक्षा घेऊन उभा राहीन. येणे जमलेच नाही तर बेबीमावशीबरोबर नाचणीचे पीठ आणि कुळथाची पिठी पाठवतो आहे. ती शेजारणीला वाटून टाकू नकोस, रोज सकाळी करून खा. केलेल्या कामाचे पैसे तुम्हाला नव्वद दिवसांनी मिळतात, तोवर डॉक्टरकडे जायचे लांबवू नये म्हणून तुझ्या खात्यात थोडे पैसे भरले आहेत. ते परत करायचे नाहीत आणि त्यावरून वादही घालायचा नाही. या आठवड्यात रक्त पुन्हा तपासून घे आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव. आकडा कमी आला तरी पाठव.

तुझे,
बाबा