चि. ओंकारला, बाबांच्या बायपासच्या आधी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडलास, मीही आवाज चढवला. म्हणून आज सगळं लिहूनच पाठवते, म्हणजे मधे तोडायला कुणी नाही. तुझ्या तब्येतीचं यात काही काढायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

आधी रिपोर्ट. हृदयाच्या मुख्य डाव्या नळीत 60 टक्के अडथळा, एलएडीत, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या तिच्या फांदीत 90, उजव्या नळीत 80. ‘पंपिंग 50 टक्के’ वाचून तुला वाटलं हृदय निम्मं गेलं. तसं नसतं. धडधाकट माणसाचं हृदयसुद्धा एका ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, 55 ते 65 टक्केच टाकतं. तेव्हा 50 चांगलंच आहे. स्नायू शाबूत आहे म्हणून तर आत्ता करून घ्यायचं. स्टेंट का नाही, हे तू तीनदा विचारलंस. स्टेंट जिथे बसवला तेवढीच जागा उघडतो. साखर असलेल्या माणसाची नळी एका ठिकाणी खराब नसते, लांबवर असते. बायपासची वाट या सगळ्या अडथळ्यांच्या पलीकडे नेऊन जोडतात, त्यामुळे उद्या अलीकडे आणखी काही साठलं तरी पुढचं रक्त चालू राहतं. मधुमेह आणि इतक्या नळ्या, त्यात मुख्य डावी, म्हटल्यावर कुठलाही सर्जन हेच सांगेल.

बाबांना तुझ्याकडे बंगळुरूला न्यायचं नाही. यावर आता वाद नको. देशातली पहिली बायपास 1975 साली चेन्नईत पेरांबूरच्या रेल्वे हॉस्पिटलात झाली. तेव्हा लांब जाण्यावाचून इलाज नव्हता. आज मिरजेत हे रोजचं काम आहे. ऑपरेशन चार-पाच तासांचं, त्यानंतरचे अडीच महिने घरातले. ते अडीच महिने तुझ्या अकराव्या मजल्यावर, दाराबाहेर कुणी ओळखीचं नसताना, बाबांनी कसे काढायचे? इथं गल्ली आहे, बाबांचा डेपो आहे, नंदूमामा आहे. पैशाचीही काळजी करू नकोस. हॉस्पिटल जनआरोग्य योजनेत आहे, घराला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं कवच आहे. रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स मामाकडे दिल्या आहेत.

आता रक्त. तू म्हणालास, ‘माझं घ्या, मी येतो.’ बरं वाटलं ऐकून. पण तुझं रक्त बाबांना चढवायचं नाही. सख्ख्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोग्याच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, ते त्यांना मारत नाही. मग त्याच पेशी तिथं रुजून त्याच्यावर उलटतात. क्वचित होतं, पण झालं तर माणूस सहसा वाचत नाही. तुला द्यायचंच असेल तर रक्तपेढीत दे, ते दुसऱ्या कुणाला जाईल. बाबांसाठी चार पिशव्या सांगितल्यात आणि प्लेटलेटसाठी एक माणूस तयार ठेवायचा आहे. मंडळाच्या पोरांनी यादी केली, पण त्यातल्या निम्म्यांनी शिवजयंतीच्या शिबिरात रक्त दिलंय, त्यांचे 90 दिवस भरलेले नाहीत. उरलेल्यांपैकी ज्यांचं हिमोग्लोबिन 12.5 च्या वर तेच चालतील. प्लेटलेटवाल्यानं आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नको. डोकेदुखीची म्हणून खाल्लेली गोळीसुद्धा नको. तिच्यामुळे प्लेटलेटचं रक्त थांबवायचं काम बंद पडतं. शिवाय प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, आधीपासून काढून ठेवता येत नाहीत, आणि त्या दिवशी माणूस बाद झाला तर धावपळ होते. हे मी मंडळाच्या फळ्यावर खडूनं लिहून आले आहे.

ऑपरेशन मंगळवारी. रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल गुरुवारपासून बंद, म्हणजे पाच दिवस मोकळे मिळतात. नाहीतर रक्त थांबता थांबत नाही. ॲस्पिरिन चालू. साखरेची ती नवीन गोळी, डापा, शनिवारपासून बंद, कारण उपाशीपोटी तिच्यामुळे रक्तात आम्ल वाढतं आणि साखर मात्र साधीच दिसते, त्यामुळे लक्षात येत नाही. लसणाच्या कॅप्सूल, काढे, तुझ्या मावशीनं दिलेलं ते चूर्ण, सगळं डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवलं. दात दाखवून झाले. मानेतल्या नळ्यांची डॉपलर सोनोग्राफी झाली, ती ठीक आहे.

त्या दिवशी काय होईल ते थोडक्यात सांगते. छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. छातीच्या आतल्या बाजूची डावी धमनी एलएडीला जोडतात, बाकीच्यांना पायातली शीर काढून लावतात. ती छातीतली धमनी दहा वर्षांनीही शंभरात नव्वदांच्या वर चालू असते. पायातल्या शिरा तोवर निम्म्याच्या आसपास बंद पडलेल्या असतात. म्हणून ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी जन्मभर. बायपासनं रोग जात नाही रे, वाट तेवढी बदलते. रोग रक्तात असतो आणि रक्त घराण्यातून येतं. तुझे आजोबा, आण्णा, 51 व्या वर्षी गेले. छातीत जळजळतंय म्हणाले, ॲसिडिटी म्हणून सोडा पाजला होता. बाबा तेव्हा बारावीला होते. आता बाबा 54. वडिलांना 55 च्या आत निघालं तर मुलानं वाट बघायची नसते, हे मी रोज लोकांच्या पोरांना सांगते.

बघ, काढायचं नाही म्हणून काढलंच. असो.

रिकव्हरीत पहिली रात्र नळ्याच नळ्या दिसतील. तोंडातली काही तासांनी निघते, छातीतल्या दोन-तीन दिवसांनी. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात ठोके अनियमित होऊ शकतात. चार-पाचांत एकाला तरी होतं, औषधानं बसतं. कुणी फोनवर ‘हार्टबीट गडबडलाय’ म्हटलं तर लगेच विमानाचं तिकीट काढू नकोस. रात्री ते काहीबाही बोलतील, डेपोत आहोत असं समजून गाडी लावायला सांगतील. अशा वेळी चष्मा लगेच द्यायचा, वार आणि वेळ सांगायची, वाद घालायचा नाही. प्लास्टिकच्या तीन गोळ्या श्वासानं वर न्यायचं ते यंत्र जागेपणी दर तासाला दहा वेळा ओढायचं. ते टाळलं की फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, कफ साठतो, ताप येतो. दुखतं म्हणून सगळेच टाळतात. छातीशी उशी घट्ट धरून खोकायला लावायचं. हे काम डेपोतल्या मंडळींना दिलंय, कारण माझं ते ऐकणार नाहीत आणि मित्रांसमोर चौथ्या वेळी तिसरी गोळीसुद्धा वर नेऊन दाखवतील.

माणसं आपल्याकडे भरपूर आहेत, हीच खरी अडचण आहे. बायपासनंतर घरी आलेल्या रोग्याला भेटायला येणारे दमवतात. पंधरा जण येतात, प्रत्येकाला ‘नेमकं कुठं दुखलं’ पहिल्यापासून ऐकायचं असतं. कुणी सर्दी घेऊन येतं, आणि ताज्या शिवलेल्या हाडाला एक शिंकसुद्धा महाग पडते. सगळे शहाळी आणतात. बाबांची बीपीची गोळी पोटॅशियम वाढवणारी, वर किडनीचं क्रिएटिनिन काठावर, त्यात दिवसाला तीन शहाळी म्हणजे आपणच ठोके बिघडवणं. म्हणून मी मंगलकाकूला गल्लीत फिरवलं आणि निरोप दिला: पहिले पंधरा दिवस कुणी भेटायला येऊ नका, काम घ्या. काकूनं दळण घेतलं. शेजारच्या सुरेशनं सिलिंडर घेतला. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास, आणि बाबांना तीन महिने दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही, पण ते ऐकणाऱ्यातले आहेत का? औषधं आणि ड्रेसिंगचं सामान मंडळाचा पोऱ्या आणणार. हॉस्पिटलात एका वेळी एकच माणूस, बाकीच्यांनी नंदूमामाला फोन करायचा, मला नाही. तूही त्यालाच करायचास.

फिरायला जोडीदार कोण, यावर कट्ट्यावर चढाओढ लागली. कुलकर्णी सरांना नेमलं. ते सगळ्यात हळू चालतात. पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटं दोनदा, मग थोडं थोडं वाढवत सहा आठवड्यांत अर्ध्या तासावर. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलणं तुटलं की थांबायचं. डेपोच्या मंडळींना एकच अट घातली आहे: पुडी फाटकाबाहेर. तंबाखूनं नळ्या आवळतात, नव्या जोडलेल्या आधी. त्यांनी मान डोलावली. बाबांच्या समोर कुणी मळली तर सांग, असं मी कुलकर्णी सरांना गुपचूप सांगून ठेवलंय.

आणि तुझ्या जॅकेटच्या खिशात दिवाळीला लायटर होता. मी विचारलं नव्हतं, आताही विचारत नाही.

तू ऑपरेशनला येऊ नकोस असं मी म्हणाले त्याचा तुला राग आला. तुला नको असं नव्हतं रे. त्या आठवड्यात आमच्याकडे माणसं उतू जातात, आणि तू रिकव्हरीच्या बाहेर बाकड्यावर बसून काय करणार? घरी आल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ये. तेव्हा गर्दी ओसरते, माझी रजाही संपलेली असेल. रोगी तेव्हाच रडवेला होतो, कशावरही चिडतो, डाळीत मीठ नाही म्हणून ताट सरकवतो. त्यांच्याजवळ त्या वेळी तू हवास. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे, मग उठवायचं. हाताचा जोर लावू द्यायचा नाही, काखेत हात घालून ओढायचं तर मुळीच नाही. संडासात कमोडची खुर्ची आणली आहे. कुंथायला लागू नये म्हणून रात्री इसबगोल. रोज सकाळी संडासहून आल्यावर, चहाच्या आधी वजन. आठवड्यात दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं नसतं, पाणी साठलेलं असतं. छातीच्या हाडात हालचालीसरशी ‘कट्’ असा आवाज आला, जखमेतून पू आला किंवा ताप 100.4 च्या वर गेला, तर सकाळची वाट बघायची नाही. ज्या पायाची शीर काढली तो सुजतो, बसताना उंच ठेवायचा.

हे सगळं तुला एकदा वाचून कळेल. नववीत थर्माकोलचं हृदय केलंस तेव्हा फुप्फुसाकडे जाणारी धमनी निळी रंगवलीस आणि धमनी लालच असते म्हणणाऱ्या सरांशी भांडलास. बरोबर होतास. मी ते हृदय वॉर्डात नेऊन सिस्टरांना दाखवलं होतं, तुला ठाऊक नाही. ज्याला त्या वयात एवढं कळत होतं त्याला 28 व्या वर्षी एक रक्त तपासणी करायला वेळ मिळत नाही? उपाशीपोटी सकाळी जायला जमत नाही म्हणालास. पहिल्या तपासणीला आता उपाशी असावंच लागतं असं नाही. दुपारी जेवून गेलास तरी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कळतं. त्याबरोबर लायपोप्रोटीन ए, रक्तातल्या चरबीचाच एक प्रकार, तेही करून घे. ते आईबापाकडून येतं, जन्मभर फारसं बदलत नाही, म्हणून एकदाच करायचं. आपल्याकडच्या लोकांत ते वाढलेलं बरंच सापडतं. साखर आणि बीपी तर आहेच.

पुन्हा भाषण झालं, माफ कर. वॉर्डातली सवय घरी येते. मंगळवारी मी आत असणार नाही, घरच्या माणसाच्या वेळी आम्हाला ड्युटी देत नाहीत. सगळ्यांसारखी बाहेरच बसेन, आणि आत या क्षणाला काय चाललंय ते मात्र मला मिनिटामिनिटाला कळत राहील.

येताना राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसनं ये, रात्रभर बसमध्ये आखडत येऊ नकोस.

तुझी,
आई

ता.क. बाबांना पुढून बटणं असलेले सुती शर्ट लागतील, डोक्यातून घालायचे बनियन-टीशर्ट दोन महिने चालणार नाहीत. नेहमीच्यापेक्षा एक माप मोठे घे, फिक्या रंगाचे, म्हणजे जखमेतून काही पाझरलं तर लगेच दिसतं. तीन पुरेत.