तिसऱ्या घंटेनंतरची अदलाबदल

मराठवाड्यात मुंबई-पुण्याची नाटकं कधीमधी येतात. म्हणून तिकीटविक्रीचा प्लॅन उघडला त्याच दिवशी जाऊन पाचव्या रांगेतली कडेची खुर्ची घेतली. गुडघा दुखतो, पाय लांब करावा लागतो. नाटक सुरू व्हायची तिसरी घंटा झाली आणि एक गृहस्थ आले. "काका, आमचं एक तिकीट मागं आलंय, तुम्ही तिकडं बसता का?" तिकडं म्हणजे शेवटून दुसरी रांग, भिंतीला चिकटून! नाही म्हटलं, तर त्यांच्या सौभाग्यवती मध्यंतरापर्यंत माझ्याकडंच बघत होत्या. नाटक राहिलं बाजूला.

विचारायला हरकत नाही. पण पहिल्या घंटेआधी विचारावं, आणि बदल्यात निदान तोडीची खुर्ची द्यावी. लेकराला आईजवळ बसायचं असेल तर मी आपणहून उठेन, गुडघ्यासकट.

— एक नाट्यप्रेमी, छत्रपती संभाजीनगर