गँगचं बिल संपाच्या नावावर नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दगडी चाळीचा डॉन अरुण गवळी सप्टेंबर २०२५ मध्ये नागपूर कारागृहातून जामिनावर सुटला, तेव्हापासून त्याच्यावर भरभरून लिहिलं जातंय. त्यात एक परिच्छेद हमखास असतो: १९८२ चा मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप फसला, गिरण्यांचे भोंगे बंद झाले, पोरं बेकार झाली आणि गँगमध्ये शिरली. आपल्या पुरवणीतल्या लेखातही तेच आलंय. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. संपानंतर त्यांना परत कामावर घेतलं नाही. त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

संपात उतरलेले कामगार सुमारे अडीच लाख. त्यांच्या घरातल्या किती पोरांनी हातात घोडा, म्हणजे पिस्तूल घेतलं? मूठभर. बाकीच्यांनी भाजीच्या पाट्या लावल्या, वॉचमनची डगली चढवली, कुणी कोकणात नाहीतर घाटावर गावी परतले. आमच्या चाळीत घराघरांतून बायका खानावळीचे डबे करायच्या. त्यांच्यावर कुणी पुरवणी काढत नाही.

आणि गँग कामगारांच्या बाजूला कधी उभी राहिली? भायखळ्याच्या खटाव मिलचं प्रकरण काढून बघा. मिल बोरिवलीला हलवून इथली जमीन विकायची होती, त्यासाठी कामगारांच्या सह्या हव्या होत्या. त्या मिळवायला गवळीची माणसं कामाला लावल्याचा आरोप तेव्हा उघडपणे होत होता. पुढे ७ मे १९९४ ला मालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीला गाडीतच गोळ्या घातल्या. त्या घातल्या अमर नाईकच्या, म्हणजे गवळीच्या वैऱ्याच्या टोळीनं. भांडण जमिनीच्या पैशाचं होतं. कामगार त्यात फक्त सहीपुरता.

दगडी चाळीतला दरबार, १९९७ चा अखिल भारतीय सेना हा पक्ष, २००४ ची चिंचपोकळीची आमदारकी हे सगळं आपल्या लेखात रंगून आलंय. तुरुंगातल्या गांधीविचार परीक्षेतले ८० पैकी ७४ गुणही आलेत (अभ्यासाला निवांतपणा मिळाला म्हणायचा!). ज्या खुनासाठी जन्मठेप झाली, त्याला मात्र दीड ओळ. कमलाकर जामसंडेकर हे शिवसेनेचे नगरसेवक. नुकतेच निवडून आले होते. २ मार्च २००७ ला घाटकोपरच्या असल्फ्यातल्या राहत्या घरी टीव्ही बघत बसले असताना मारेकरी आत शिरले आणि जवळून गोळी घातली. सुपारी ३० लाखांची. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) न्यायालयानं २०१२ मध्ये गवळीला दोषी ठरवलं, उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ती शिक्षा कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला तो सतरा वर्षांहून जास्त झालेला तुरुंगवास आणि वय बघून. निर्दोष ठरवून नव्हे. आपल्या लेखात मात्र ‘सुटका’ एवढंच आहे, वाचणाऱ्याला वाटावं की खटला निकालात निघाला.

शिक्षा भोगून म्हातारा झालेल्या कैद्याला जामीन मिळू नये, असं माझं म्हणणं नाही. तो न्यायालयाचा प्रश्न, त्यांनी कायद्यानं सोडवला. माझी तक्रार आपल्या लेखाबद्दल आहे. गिरणी कामगारांचे हजारो वारस अजून घराची वाट बघतायत आणि सरकार त्यांना मुंबईबाहेर लांब शेलू-वांगणीचा रस्ता दाखवतंय. पुढच्या पुरवणीत त्याची दोन पानं करा, आणि जागा उरली तर खटाव मिलच्या सह्या कशा घेतल्या गेल्या, ते त्या वेळच्या कामगारांना विचारून छापा. त्यातले काही अजून करी रोडला भेटतात.

आपला,
एक वाचक, लालबाग