9-1 म्हणजे नऊ ठोसे नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या क्रीडापानावरची ‘मेरी की निखत’ ही बॉक्सिंगची काल्पनिक लढत (दोघी ऐन भरात असताना भिडल्या तर कोण जिंकेल) वाचली. विषय चांगला, मांडणीही देखणी. पण निकालासाठी जो पुरावा पुढे केला आहे, तो वाचून गप्प बसवेना. डिसेंबर 2019 मध्ये दिल्लीतल्या निवड चाचणीत मेरी कोमने निखत झरीनला 9-1 असं हरवलं, म्हणजे प्रश्न मिटला, असा लेखाचा सूर आहे. शेजारच्या चौकटीत लंडन ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीतला 11-6 हा आकडाही तुलनेला ठेवला आहे.

हे दोन आकडे एका मापाचे नाहीत. लंडनमध्ये निकोला अॅडम्सने घेतलेले 11 आणि मेरीचे 6 हे गुण होते. तेव्हा लागलेल्या ठोशाला पंच बटण दाबून गुण देत. दिल्लीतले 9 आणि 1 हे पंच होते. दहांपैकी नऊ पंचांनी कौल मेरीला दिला, एकाने निखतला. फेऱ्या 10-9 अशा निसटत्या फरकाने गेल्या (फेरी जिंकणारीला 10, हरणारीला 9), तरी नऊ पंच एकाच बाजूला जाऊ शकतात. ‘नऊ विरुद्ध एक’ वाचून लढत एकतर्फी झाली असं मानणं ही साधी चूक आहे आणि तुमचा सगळा लेख त्या चुकीवर उभा आहे. शिवाय लंडनला महिलांच्या चार फेऱ्या दोन-दोन मिनिटांच्या होत्या, 2019 मध्ये तीन फेऱ्या तीन-तीन मिनिटांच्या. दम कुठे राखायचा आणि कुठे लावायचा, याचं गणितच त्यामुळे बदलतं.

आता लेखातला ‘ऐन भरातली’ हा शब्द. त्या चाचणीत मेरी 37 वर्षांची होती, निखत 23 ची. मेरी उतारावर होती हे सगळ्यांना दिसतं. निखत अजून चढावर होती हे कुणी बघत नाही. तिचं वरिष्ठ गटातलं पहिलं जागतिक सुवर्ण 2022 चं, इस्तंबूलमधलं, 52 किलोत. दुसरं 2023 मध्ये दिल्लीत, 50 किलोत. म्हणजे 2019 ची लढत दोघींच्याही भराबाहेरची होती. त्यावरून भरातल्या दोघींचा निकाल कसा काढणार?

वजनाकडे तर लेखाने पाहिलेलंच नाही. मेरीची सहा जागतिक सुवर्णं 45, 46 आणि 48 किलोतली आहेत. 51 मध्ये एकही नाही. 2014 चं आशियाई क्रीडा स्पर्धेतलं सुवर्ण 51 चं आहे, पण त्या वजनात ती गेली तीच मुळी लंडनला महिलांसाठी 51, 60 आणि 75 एवढे तीनच गट ठेवले म्हणून. 48 ची खेळाडू 51 मध्ये उतरते तेव्हा फरक तीन किलोंचा राहत नाही. ती पोटभर जेवून 51 ला पोचते, आणि समोरची 54-55 वरून उतरून त्याच काट्यावर उभी असते. लंडनच्या पहिल्याच फेरीत मेरीसमोर आलेली पोलंडची मिखालचुक 2008 मध्ये 54 किलोत जगज्जेती होती. हाडापेराचा आणि हाताच्या लांबीचा फरक काट्यावर दिसत नाही. मेरीने तिला 19-14 असं हरवलं, हे मोठंच काम होतं.

उलट दिशेनेही घोटाळा होतो. ‘मोठ्या गटाची खेळाडू दोन किलो उतरवेल आणि जिंकेल’ हे वाक्य सहज लिहून होतं. प्रत्यक्षात आधी मीठ-भात तोडतात, मग प्लास्टिकचा सूट घालून पळतात, शेवटच्या दिवशी पाणीही बंद. स्नायूंतल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी जातं, म्हणून काटा भराभर खाली येतो. पण तिसऱ्या फेरीत लागणारी ताकद त्या साखरेतूनच येते. व्यावसायिक लढतीत वजन आदल्या दिवशी होतं, भरून काढायला रात्र मिळते. हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी वजन, आणि पुढच्या लढतीच्या सकाळी पुन्हा. तिथे सुकून वजनात बसण्याचा डाव फारसा चालत नाही.

रात्र मिळूनही काय होतं, ते 6 डिसेंबर 2008 ला दिसलं. ऑस्कर द ला होया विरुद्ध मॅनी पॅकियाओ, दोघे व्यावसायिक बॉक्सर, मर्यादा 147 पौंड. बहुतेकांचा हिशेब एकच होता: मोठा माणूस लहानाला चेपणार. पॅकियाओ त्याच वर्षी जूनमध्ये 135 पौंडांत लढला होता. द ला होया मात्र 2001 नंतर वरच्या वजनांतच लढत होता, 147 ला आलाच नव्हता आणि वय 35. वजनाला तो 145 भरला, पॅकियाओ 142. लढतीच्या रात्री द ला होया 147 आणि पॅकियाओ 148.5! मोठा समजलेला माणूस रिंगणात लहान झाला होता. अंगात पाणी परत चढलंच नाही, पाय हलेनात. आठव्या फेरीनंतर तो स्टुलावरून उठला नाही. गटाचं नाव आणि त्या रात्रीचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट कसं दाखवायचं?

काल्पनिक लढत जरूर लावा, पण आधी वर्ष, वजन, वजनाची वेळ, फेऱ्या आणि गुणपद्धत लिहा. 2010 ची मेरी आणि 2022 ची निखत, 48 किलो, सकाळी वजन: माझा कौल मेरीला. ते तिचं घरचं वजन, आणि डावखुऱ्या पवित्र्यातून आत शिरून लगेच बाहेर पडण्याचा तिचा वेग तिथे पूर्ण असतो. निखतला मात्र तिथवर उतरताना पायांतला जोर गमवावा लागेल. त्याच दोघी 51 ला, तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्या: निखत. लांब हात, आणि तिसऱ्या फेरीतही टिकणारा जोर. दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात.

जाता जाता आणखी एक. जिल्हा आणि शालेय बॉक्सिंगचे निकाल आपण छापता, त्यात वजनगट नसतात. नुसतं ‘सुवर्ण’ आणि नावांची रांग. आयोजकांच्या निकालपत्रात वजनाचा रकाना असतो, छापताना तो गाळला जातो. मुलगा 46 किलोत जिंकला की 57 मध्ये, हे कळल्याशिवाय त्या बातमीतून प्रशिक्षकाला काहीच मिळत नाही. नावापुढे कंसात दोन आकडे बसतील एवढी जागा कृपया ठेवावी.

आपला,
एक नियमित वाचक