तिसऱ्या रांगेत स्वतः बसून दाखवणाऱ्या ताईंना

ताई,
स. न. वि. वि.

गाडी ताब्यात देणं हे तुमचं रोजचं काम. सह्या घ्यायच्या, किल्ली सोपवायची, पुढच्या ग्राहकाकडे वळायचं. आमच्या वेळी मात्र तुम्ही घाई केली नाहीत. तीन रांगांची एसयूव्ही घरात आल्यापासून तुमची आठवण रोज निघते, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय, कारण तुम्ही सांगितलेलं अशी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

आधी तुम्ही स्वतः मधली सीट पुढे लोटून मागे जाऊन बसलात आणि मग सासूबाईंना म्हणालात, “आई, एकदा बसून बघा, मग ठरवा.” मागची जमीन उंच आणि सीट बुटकी, त्यामुळे मोठ्या माणसाचे गुडघे वर येतात आणि मांडीला आधार मिळत नाही. त्यांना ते बसल्या बसल्याच कळलं. तेव्हापासून त्यांची जागा मधल्या रांगेत, दाराशी, ठरलेली आहे. त्यांच्या उंचीप्रमाणे हेडरेस्ट वर ओढून तुम्ही तो डोक्यामागे नीट आणलात, मानेमागे ठेवला नाहीत. एवढ्याशा गोष्टीचं सासूबाईंना फार अप्रूप वाटलं.

धाकटीच्या बालसीटचं तर आमच्या डोक्यातही आलं नसतं. आयसोफिक्सला, म्हणजे गाडीच्या सीटमध्ये बालसीटसाठी असलेल्या पक्क्या कड्यांना, बालसीट अडकवली की मधल्या रांगेतली ती बाजू पुढे लोटता येत नाही आणि मागे जायची वाटच बंद होते. तुम्ही वाट मोकळी राहील अशी बाजू निवडलीत, दोन्ही खुणा हिरव्या होईपर्यंत सीट दाबलीत, वरचा पट्टा पाठीमागच्या हुकात ओढून घट्ट केलात. मग म्हणालात, “आता हलवून बघा.” सगळा जोर लावला तरी ती जागची हलेना! त्या क्षणी जिवाला जी स्वस्थता मिळाली, ती गाडीतल्या कुठल्याही मोठ्या स्क्रीनने दिली नसती.

थोरल्याला सीटबेल्टच्या पट्ट्याचा कंटाळा. त्याला न रागावता तुम्ही निल्स बोहलिन यांची गोष्ट सांगितलीत. व्होल्व्होच्या या अभियंत्याने 1959 साली खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीनबिंदू पट्टा आणला आणि कंपनीने त्याचं पेटंट इतर सगळ्यांना वापरायला खुलं केलं. आता मागे बसला की पट्टा लावल्याचा आवाज तोच आधी करतो.

वजनाचा हिशेब तुम्ही तोंडी मांडलात. सात मोठी माणसं सरासरी 70 किलोची धरली तरी 490 किलो होतात, आणि बऱ्याच अशा गाड्यांना त्याउपर फारसं सामान झेपत नाही. तिसरी रांग उघडी असताना डिकीत जागाही जेमतेमच. जड बॅग खाली, सीटच्या पाठीला टेकवून. सीटच्या वर काहीही रचायचं नाही, कारण जोरात ब्रेक लागला तर ते थेट मुलांच्या डोक्यावर येईल. टपावर वजन चढवलं की आधीच उंच असलेली गाडी वळणावर जास्त कलते, हेही तुम्ही सांगितलंत. माझ्या मते गाडी विकणाऱ्या प्रत्येकाने हे सांगायलाच हवं.

ड्रायव्हरच्या दाराजवळचं स्टिकर तुम्ही बोट ठेवून वाचून दाखवलंत: टायरमधल्या हवेचे दोन आकडे, एक नेहमीचा, एक भरलेल्या गाडीचा. हवा टायर थंड असतानाच बघायची. गाडी भरली की मागून दबते आणि हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो, तो झोत खाली करायची छोटी चकतीही दाखवलीत. आमचे हे प्रवासाला निघण्याआधी आता हे सगळं न सांगता करतात. मागे कोणी नसलं की तिसऱ्या रांगेचे हेडरेस्ट खाली करतात, म्हणजे आरशातून मागची काच पूर्ण दिसते.

तुमच्या वरिष्ठांनाही वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात एकच विनंती केली आहे: गाडी सोपवताना प्रत्येक कुटुंबाला तुमच्यासारखाच वेळ मिळू दे. पहिल्या सर्व्हिसिंगला आम्ही सगळेच येणार आहोत. धाकटीची उंची वाढली आहे, तेव्हा बालसीटच्या पट्ट्यांची उंची तुमच्याकडून पुन्हा एकदा बघून घ्यायची आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक आभारी ग्राहक