छातीभर पाण्याचा तलाव

हॅनोवर,
रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही एका दमात विचारलंत: "सुट्टीच्या दिवशी जाता ते तळं धरणाचं का नैसर्गिक? खोली किती? पाणी येतं कुठून, जातं कुठे?" फोन ठेवल्यावर तुमचे जावई म्हणाले, माणूस निवृत्त होतो, पाटबंधारे खातं होत नाही. म्हणून आज सगळं लिहूनच काढते. आईचा प्रश्न वेगळाच होता. इतक्या सपाट मुलखात बघायचं तरी काय? त्याचंही उत्तर यात आहे, पण आधी बाबांचं, नाहीतर ते पुढचं वाचायचे नाहीत.

तलावाचं नाव श्टाइनहुडर मेअर. आमच्या शहरापासून वायव्येला साधारण 30 किलोमीटर. लोकलनं वुन्स्टोर्फला उतरायचं आणि पुढे बस. क्षेत्रफळ 29 चौरस किलोमीटरच्या आसपास, जर्मनीच्या वायव्य भागातलं सर्वांत मोठं तळं. आणि खोली? सरासरी 1.35 मीटर! अगदी खोल जागीसुद्धा तीन मीटर भरत नाही. आठेक किलोमीटर लांबीच्या या पाण्यात आई बहुतेक ठिकाणी पाय टेकून उभी राहू शकेल आणि पाणी तिच्या छातीपर्यंत येईल. धरणाचं नाही, नैसर्गिकच. शेवटचं हिमयुग सरता सरता तयार झालेला हा खोलगट भाग आहे. मोठी नदी एकही येऊन मिळत नाही. पाणी येतं ते मुख्यतः जमिनीखालून झिरपून आणि पावसाचं. बाहेर पडतो एक छोटा प्रवाह, तो निनबुर्ग गावाशी वेझर नदीला मिळतो आणि वेझर उत्तर समुद्राला.

आता गाळ. हे वाचून तुम्ही सरसावून बसणार, माहीत आहे मला. इतक्या उथळ तळ्यात वारा सुटला की तळापर्यंत सगळं ढवळून निघतं. पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. शिडाच्या नावा शिकणाऱ्यांची तेव्हा चांगलीच परीक्षा असते. शेवाळ, बोरू, पानं सगळं कुजून खाली बसतं आणि तळं वर्षानुवर्षं भरत राहतं. धक्क्यांपाशी नावा गाळात रुतू नयेत म्हणून इथे गाळ उपसतात, नळांमधून काठावरच्या मोठ्या खाचरांत सोडतात आणि तिथे तो निथळू देतात. शिडवाल्यांना खोली हवी, पक्ष्यांना चिखल हवा. दोघांचंही म्हणणं खरं, आणि खर्च कुणी करायचा यावर वाद चालूच.

मला आपल्या नाशिकजवळचं नांदूर मध्यमेश्वर आठवलं. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा बंधारा गाळानं भरत चालला, साठवण गेली, म्हणून तुम्ही जेवताना किती चिडचिड करायचात. आणि त्याच गाळावर पाणवनस्पती माजली, पक्षी आले, अभयारण्य झालं, 2020 साली महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतली) म्हणून त्याचं नाव लागलं. या तळ्याचं नाव त्याच यादीत 1976 पासून आहे. खात्याच्या दृष्टीनं तुम्ही बरोबर होतात बाबा, पण पक्ष्यांना खातं कुठे माहीत असतं.

तळ्याच्या पश्चिमेला ओली कुरणं आहेत, मेअरब्रुख म्हणतात. पूर्वी चर खणून ती शेतीसाठी कोरडी केली होती. पुढे सरकारनं जमिनी विकत घेतल्या, चर अडवले आणि पाणी पुन्हा साचू दिलं. तुम्ही जन्मभर शेतापर्यंत पाणी पोचवलंत, तेव्हा हे वाचून काय म्हणाल ते मला ऐकायचंच आहे. लाकडी मनोरे बांधलेत, जिना चढून वर बसलं की समोर सगळं उघडं. वारकरी पक्षी (तेच, काळे, कपाळावर पांढरा टिळा), तुरेवाल्या टिबुकल्या, राखी बगळे, पाणकावळे. यातले निम्मे तर आपल्या नांदूरचेच ओळखीचे. पांढरे बलाक मात्र आईला आवडतील. लाल चोच, लाल पाय, आणि गावातल्या खांबावर नाहीतर छपरावर काटक्यांचं हे एवढं घरटं. समुद्री गरुड आणि मासे पकडणारा ऑस्प्रे या भागातून नाहीसे झाले होते, ते पुन्हा इथे घरटी करू लागलेत. शरद ऋतूत उत्तर रशियाकडचे रानटी हंस थव्याथव्यानं उतरतात, तेव्हा त्यांच्या कलकलाटात शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. विन्झलार गावात निसर्ग-संरक्षणाचं एक केंद्र आहे. त्यांनी युरोपियन मिंक हा मुंगसाएवढा दुर्मीळ प्राणीही इथे पुन्हा आणून सोडलाय. आम्हाला तो काही दिसला नाही, तुमची नात ईरा मात्र दिसल्याचं शपथेवर सांगते.

मला सगळ्यांत पटली ती वाटणी. तळ्याच्या काही भागांत नावांना प्रवेशच नाही, बोयांची रांग लावून हद्द आखलेली आहे. खासगी मोटरबोटींना बंदी. हिवाळ्यात शिडाच्या नावाही पाण्यातून काढून ठेवायच्या, पक्ष्यांना निवांत राहू द्यायचं. इथली माणसं नियम पाळतात म्हणून आपण उगाच त्यांचं कौतुक करतो. मला वाटतं, तसं काही नाही. उत्तरेला मार्डोर्फला वाळूचा किनारा, दक्षिणेला श्टाइनहुडला पोहण्यासाठी केलेलं बेट, भोवती सुमारे 32 किलोमीटरचा सायकलचा रस्ता, जागोजागी बाकं आणि स्वच्छतागृहं. एवढी मोकळीक मिळाल्यावर बोरूत घुसायचंय कुणाला? आपल्याकडे आधी "प्रवेश निषिद्ध"ची पाटी लागते आणि बाक कुणी बसवतच नाही.

बाक आहेत हे मुद्दाम लिहिलं, बाबांच्या गुडघ्यांसाठी. चढ तर औषधालाही नाही. क्षितिजावर उंच म्हणावी अशी एकच गोष्ट, बोकेलोहची पांढरी टेकडी, आणि तीही खाणीतल्या पोटॅश-मिठाच्या कचऱ्याची! पोटॅशला जर्मनमध्ये काली म्हणतात, म्हणून किलिमांजारोच्या चालीवर लोक थट्टेनं तिला कालिमांजारो म्हणतात. खाण 2018 मध्ये बंद झाली, टेकडी राहिली.

तळ्याच्या मध्ये एक किल्ला आहे, विल्हेल्मश्टाइन. शाउमबुर्ग-लिप्पे नावाच्या एका चिमुकल्या संस्थानाच्या काउंट विल्हेल्मनं 1761 ते 1767 या काळात बांधलेला. बेट आधी नव्हतंच. कोळ्यांना कामाला लावून नावांतून दगड आणवले, पाण्यात टाकले आणि त्यावर तट चढवला. 1787 साली शेजारच्या हेसेनच्या सैन्यानं संस्थान बळकावलं, पण हा किल्ला काही पडला नाही. इथे काउंटची लष्करी शाळाही होती. पुढे प्रशियाच्या सैन्याची घडी बदलणारा शार्नहोर्स्ट इथेच शिकला. पाणबुडीचा आराखडासुद्धा इथे काढला होता म्हणे, माशाच्या आकाराची. छातीभर पाण्यात पाणबुडी! बाबा, सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला हा किल्ला पोलीस चौकीएवढा वाटेल, तेव्हा तिथे मोठ्यानं काही बोलू नका. जायला शिडाच्या जुन्या धाटणीच्या लाकडी नावा आहेत. चढता-उतरताना नावाडी हात देतो. तेही नको असेल तर मोठ्या प्रवासी बोटी आहेत, त्यांत खुर्चीत बसून जायचं.

श्टाइनहुड हे पूर्वी कोळ्यांचं आणि विणकरांचं गाव. आता पर्यटकांचं. गल्लीत शिरलात की धुराचा वास येतो, तो धुरी दिलेल्या वाम माशाचा. गोदाकाठी वाम खाल्लेल्या बाबांना हा खायला घालायचा माझा बेत आहे, आईला समोरच्या दुकानात बसवून. (आई, तिथे प्लमचा केक मिळतो, अंड्याची चौकशी मी करीन.) पण आता विकली जाणारी वाम बरीचशी बाहेरून येते. हा मासा अटलांटिकमध्ये, पार सारगासो समुद्रात जन्मतो आणि वाहत वाहत युरोपच्या नद्यांपर्यंत पोचतो. आता तो फार कमी उरलाय, इतका की खाताना मला थोडं खटकतं. बाबांसाठी एकदाच, चवीपुरता.

आई, एक आधीच सांगून ठेवते. ऊन पडलं की इथली माणसं किनाऱ्यावर फारच मोकळी होतात. आजी-आजोबासुद्धा पोहण्याच्या कपड्यांत बिनदिक्कत आडवे होतात. कुणी कुणाकडे बघत नाही. तूही बघू नकोस, पदर खोचून पाण्यात पाय सोडून बस. तुझी साडी मात्र सगळे बघतील. आणि ऑगस्टच्या उकाड्यात कधी कधी निळं-हिरवं शेवाळ माजतं, तेव्हा पोहू नका अशी पाटी लागते. म्हणूनच मी तुम्हाला मे-जूनमध्ये बोलावतेय. तेव्हा बलाकांची पिल्लं घरट्यात असतात आणि रात्री नऊ वाजले तरी उजेड असतो. थंडीत तळं गोठलं की लोक त्यावर स्केटिंग करतात, पण ते तुमच्या नशिबी नको, डिसेंबरात तुम्ही नाशिकलाच बरे.

आता कामाचं. हमीपत्र मी इथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून काढून मूळ प्रत कुरिअरनं पाठवते. प्रवासाचा विमा किमान 30,000 युरोचा लागतो. एजंट कमी रकमेचा गळ्यात मारेल, घेऊ नका. बाबांनी पेन्शनचे कागद आणि बँकेचं पासबुक एका फाइलला लावून ठेवावं, आणि व्हिसाच्या भेटीची तारीख मिळाली की लगेच कळवावं, म्हणजे मी तिकिटं बघते. गुडघ्यांची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणा. खात्यातली ती जुनी दुर्बीणही आणा. इथे विकत मिळते, पण ईराला आजोबांचीच हवी आहे.

तुमची,
मनू