पायावरच्या निळ्या रेघेसाठी आभार

आदरणीय फिजिओथेरपिस्ट मॅडम,

सादर नमस्कार.

तुमचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण आपला गाजावाजा झालेला तुम्हाला रुचणार नाही हे मला ठाऊक आहे. तरीही हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे. अपघातानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर पाय बधिर झाल्याची तक्रार घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात फिरणारी माणसे पुष्कळ आहेत. त्यांचे ऐकून घेणारे कोणी असते, हे त्यांना कळावे अशी माझी तळमळ आहे.

पावसाळ्यात शाळेतून परतताना माझी स्कूटर घसरली आणि डाव्या गुडघ्याखालची दोन्ही हाडे मोडली. शस्त्रक्रिया झाली, प्लेट आणि स्क्रू बसले, हाड जुळून आले. ज्यांनी ते जुळवले त्यांचे काम चोख होते आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. परंतु भूल उतरल्यापासून माझे पाऊल वर उचलले जात नव्हते. नडगीच्या बाहेरच्या बाजूला आणि पावलाच्या वरच्या भागावर हात फिरवला तर तो हाताला कळे, पायाला कळत नसे. रोज सकाळी डॉक्टरांचा ताफा खाटेशी यायचा, एक्सरे खिडकीच्या उजेडात धरला जायचा, "हाड छान बसलंय" असे म्हटले जायचे आणि सगळे पुढच्या रुग्णाकडे वळायचे. माझ्या पावलावरची चादर मात्र कोणी एकदाही बाजूला केली नाही. पाऊल हलत नाही म्हटले की सूज उतरल्यावर हलेल, बधिर आहे म्हटले की हळूहळू जाईल, आणि तिसऱ्यांदा विचारले की बाई, तुम्ही फार विचार करता, अशी उत्तरे मिळत राहिली.

घरी आल्यावर रात्रीची आग सुरू झाली. ज्या जागेला स्पर्श कळत नव्हता, तीच जागा मध्यरात्री भाजल्यासारखी होई, आणि पंख्याच्या वाऱ्याने चादरीची कड तिच्यावर हलली तरी डोळ्यांतून पाणी येई. हे सांगितल्यावर एका तपासणीच्या खोलीत मला विचारण्यात आले, "बधिर आहे म्हणता आणि दुखतं पण म्हणता, दोन्ही एकाच वेळी कसं असेल?" त्या प्रश्नामागे कुतूहल नव्हते, अविश्वास होता, आणि त्या दिवसापासून मी घरीसुद्धा पायाबद्दल बोलणे कमी केले. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असे आपण म्हणतो. पण ज्यांच्याकडे तपासायला विद्या आहे, त्यांनी वंशाला न जाताही हे समजून घ्यायला हवे होते. वास्तविक त्या प्रश्नाला साधे उत्तर आहे आणि ते पुढे मला तुमच्याकडूनच मिळाले: दुखावलेली नस बाहेरचा स्पर्श वर पोचवू शकत नाही, पण तिच्या तुटलेल्या तंतूंमधून आपोआप खोटे संदेश उठत राहतात आणि मेंदू त्यांना वेदना समजतो. म्हणूनच साध्या वेदनाशामक गोळ्यांनी ही आग शमत नाही, तिला वेगळी औषधे लागतात. तीही तुम्ही स्वतः सुचवली नाहीत. मज्जातंतूंच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून मला त्यांच्याकडे पाठवलेत, कारण ते तुमचे क्षेत्र नव्हते. आपल्या क्षेत्राची सीमा इतकी प्रामाणिकपणे पाळणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत.

मला जे सांगायचे आहे ते त्या पहिल्या भेटीतल्या पाऊण तासाबद्दल आहे. माझी फाइल तुम्ही टेबलावर ठेवलीत, पण उघडली नाहीत. तुम्ही खाली जमिनीवर मांडी घालून बसलात, माझ्या पायातला मोजा स्वतः काढलात आणि माझे पाऊल आपल्या मांडीवर घेतलेत. मी संकोचून पाय मागे घेऊ लागले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "काकू, राहू द्या. डोळे मिटा आणि कळलं की फक्त 'हो' म्हणा." मग कापसाची एक बारीक वात घेऊन तुम्ही गुडघ्यापासून बोटांपर्यंत अगदी संथपणे स्पर्श करत गेलात, आणि जिथे माझा 'हो' थांबला तिथे निळ्या बॉलपेनने एक ठिपका काढत गेलात. डोळे उघडले तेव्हा ते सगळे ठिपके जोडून एक रेघ तयार झाली होती. ती नडगीच्या बाहेरून उतरत, घोट्याच्या पुढून वळून, पावलाच्या पाठीवरून अंगठ्याच्या शेजारच्या बेचक्यापर्यंत गेली होती. तुम्ही भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलेत. तक्त्यावर पेरोनिअल नसेचा, म्हणजे पाऊल वर उचलायला लावणाऱ्या नसेचा, प्रदेश रंगवला होता आणि माझ्या पायावरची रेघ त्या रंगाच्या कडेशी जवळजवळ जुळत होती. "तुम्ही सांगताय ते तंतोतंत असंच असतं," एवढेच तुम्ही म्हणालात.

त्या क्षणी माझ्या पायात काहीही सुधारले नव्हते, तरी माझ्या जिवात जीव आला. मी खोटे बोलत नव्हते, वाढवून सांगत नव्हते, माझे मन ठिकाणावर होते, आणि याचा पुरावा माझ्याच कातडीवर निळ्या शाईत उमटला होता. त्या संध्याकाळी अंघोळ करताना मी त्या रेघेला साबण लागू दिला नाही. यजमानांना, मुलीला, शेजारच्या वहिनींना, सगळ्यांना ती दाखवली. ती रेघ तुम्ही कागदावरही उतरवून घेतलीत, खाली तारीख घातलीत, आणि पुढे दर महिन्याला नवी रेघ काढून जुन्या कागदाशेजारी ठेवत गेलात. बोटभर जागा मागे सरकली तरी ती दोघींच्या डोळ्यांना दिसत असे, त्यामुळे मला धीर देण्यासाठी तुम्हाला एकही खोटा शब्द बोलावा लागला नाही.

मी गणित शिकवते, म्हणून असेल, तुमचे पुढचे बोलणे मला औषधासारखे लागू पडले. ही पेरोनिअल नस गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, नडगीशेजारच्या बारीक फिब्युला हाडाच्या मानेला वळसा घालून, अगदी कातडीखालून जाते. त्यामुळे तिथले हाड मोडले की ती ताणली जाते, आणि घट्ट प्लास्टरचा नुसता दाबही तिला पुरतो. हर्बर्ट सेडन या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी १९४३ मध्ये नसांच्या दुखापतींचे तीन वर्ग सांगितले, ते तुम्ही मला विजेच्या वायरचा तुकडा हातात देऊन समजावलेत: कधी वायर शाबूत असून प्रवाह तेवढा थांबतो, कधी आतल्या तारा तुटतात पण वरचे आवरण टिकते, आणि कधी सगळीच वायर तुटते. माझी दुखापत मधल्या वर्गातली असावी, असे अपघाताला काही आठवडे झाल्यावर केलेल्या विजेच्या चाचणीवरून आणि तपासणीवरून दिसत होते. अशी नस त्याच आवरणातून पुन्हा वाढते, पण दिवसाला साधारण १ मिलिमीटर एवढ्याच गतीने. तुम्ही टेप आणलीत आणि गुडघ्याच्या बाजूपासून अंगठ्यापर्यंत धरलीत. अंतर ४० सेंटिमीटरच्या पुढे भरले. भागाकार मी मनात केला आणि वर्षाहून अधिक काळ लागणार हे उत्तर माझे मलाच मिळाले. "होईल, होईल" असे सांगणाऱ्यांनी मला जितके खचवले होते, तितकाच आधार मला या मोठ्या आकड्याने दिला, कारण त्याच्यामागे कारण होते.

मग तुम्ही गुडघ्याखालच्या त्या हाडापासून नसेच्या वाटेने खाली बोटाने टिचक्या मारत पाहायचात. टिचकीने झिणझिण्या उठण्याची जागा काही आठवड्यांनी थोडी आणखी खाली उतरलेली असे. वाढत्या नसेची ही खूण फ्रेंच डॉक्टर ज्यूल टिनेल यांनी १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या जखमींच्या नसा तपासताना नोंदवली, हे तुम्ही सांगितलेत तेव्हा मला त्या अनोळखी सैनिकांबद्दलही कृतज्ञता वाटली.

नस वाढेपर्यंत पाय सांभाळणे हेही तुम्ही शिकवलेत. शिकत असताना तुम्ही कुष्ठरुग्णांमध्ये काम केले होते, आणि कुष्ठरोगातही हीच नस सुजून पाऊल लुळे पडते, हे मला पहिल्यांदा तुमच्याकडून कळले. त्या रुग्णांच्या हातापायांवरच्या जखमा बहुतांशी वेदना न कळल्यामुळे होतात, हे वेल्लोर येथे काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले होते, आणि तिथून आलेली शिस्त तुम्ही माझ्या घरात आणलीत. अंघोळीचे पाणी पायावर घेण्याआधी हाताने पाहायचे, शेकण्याची पिशवी त्या पायाला कधीही लावायची नाही, पाऊल आधाराने वर धरणाऱ्या स्प्लिंटचा पट्टा सोडल्यावर त्याखालची कातडी उजेडात तपासायची आणि लाल डाग राहिला तर तो जाईपर्यंत पट्टा बांधायचा नाही. या शिस्तीमुळेच पट्ट्याखाली उठू लागलेला एक फोड फुटण्याआधी माझ्या नजरेला पडला. पावलाच्या ज्या भागाला चादर सोसत नव्हती, त्याला आधी मलमल, मग सुती पंचा, मग खरखरीत टॉवेल असे क्रमाने चोळायला लावून तुम्ही स्पर्शाची ओळख पुन्हा करून दिलीत.

या सगळ्या काळात मला माणुसकीच्या आणखीही खुणा दिसल्या, आणि त्या दिसण्याइतके मन उघडे राहिले याचे श्रेय मी तुम्हालाच देते. आमच्या मार्गावरच्या एसटीचे एक वाहक, मी दोन्ही पायऱ्या चढून दांडी धरेपर्यंत घंटी वाजवत नसत आणि मागून कोणी घाई केली तर शांतपणे "बाईंना चढू द्या" म्हणत. शाळेतल्या शिपाईमामांनी कोणी न सांगता माझ्या वर्गाचे बाक तळमजल्यावर आणून मांडले. यांपैकी कोणाकडे पदवी नव्हती, उपकरण नव्हते. समोरच्या माणसाला काय जड जाते आहे हे त्यांनी पाहिले, इतकेच. ज्या मोठ्या इमारतीत माझ्यावर शस्त्रक्रिया झाली, तिथे यंत्रांची काहीच वाण नव्हती. पावलावरची चादर उचलून पाहायला मात्र एकही यंत्र लागत नाही, आणि ही गोष्ट मी त्या रुग्णालयालाही स्वतंत्र पत्राने कळवली आहे. ऑपरेशननंतर पहिल्याच दिवशी रुग्णाला अंगठा वर करायला सांगावे आणि अंगठ्याशेजारच्या बेचक्यात बोट लावून विचारावे, एवढीच विनंती त्यात केली आहे.

आता पाऊल उचलले जाते. पहिल्यांदा नडगीचा स्नायू फडकला तो मला दिसला नव्हता; तुमच्या बोटांना तो आधी कळला आणि तुम्ही जवळजवळ ओरडलात. अंगठा अजून पुरता वर येत नाही, त्याच्या शेजारची बेचकी अजून बधिर आहे, आणि लांब चालायचे असेल तर मी स्प्लिंट बांधते. जे उरले आहे त्यातले काही कायमचे राहू शकते, हे तुम्ही मला सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले होते, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आमच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या यजमानांना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर असाच त्रास होतो आहे, आणि त्यांनाही 'मनावर घेऊ नका' असे सांगून परत पाठवले गेले आहे. त्यांना पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे घेऊन येते. माझे सगळे कागद मी तारखांप्रमाणे लावून ठेवले आहेत. तेही सोबत आणीन, म्हणजे त्यांना दाखवता येतील.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली कृतज्ञ,
एक शिक्षिका